एका तासाला एकच सिद्धता

महोदय,

विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली कॉम्बिनेटोरिक्सची, म्हणजे मोजणीच्या आणि मांडणीच्या गणिताची, साप्ताहिक व्याख्यानमाला उत्साहात सुरू होते आणि महिन्याभरात श्रोते गळू लागतात. मग विषय अवघड आहे, असे म्हटले जाते. आमच्या मते चूक बहुतेक वेळा शीर्षकातच असते. ‘रॅम्झे सिद्धान्ताचा आढावा’ (पुरेशा मोठ्या रचनेत काही ना काही सुव्यवस्था सापडतेच, असे सांगणारा सिद्धान्त) असे शीर्षक घेतले की ६० मिनिटांत डझनभर व्याख्या होतात आणि सिद्धता एकही होत नाही.

या शाखेला पूर्वतयारी फार लागत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही अलीकडच्या एखाद्या निकालाची सिद्धता पुरी करू शकतो, पण त्यासाठी तासाला एकच प्रमेय घ्यावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे.

पहिल्या व्याख्यानाला हंगेरियन गणिती पॉल एर्डश यांचा १९४७चा युक्तिवाद चांगला. ११ बिंदू घ्या, प्रत्येक दोन बिंदूंना जोडणारी रेघ लाल किंवा निळी रंगवा. पाच बिंदूंचे गट ४६२. एका गटात १० रेघा. नाणे उडवून रंग ठरवले तर त्या दहाही एकाच रंगाच्या निघण्याची शक्यता १०२४ पैकी २, म्हणजे ५१२ पैकी १. एकरंगी गटांची सरासरी ४६२/५१२, म्हणजे १ पेक्षा कमी. म्हणून एकही एकरंगी गट नसलेली रंगवणी असलीच पाहिजे. ती कोणती, हे मात्र युक्तिवाद सांगत नाही, आणि हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे. १२ बिंदूंना गट ७९२ होतात आणि हाच हिशेब कोलमडतो. प्रत्यक्षात एकरंगी पंचक टाळता येणार नाही असा सर्वांत लहान आकडा ४३ ते ४६च्या दरम्यान आहे. नेमका कोणता, ते अजून ठरलेले नाही. ‘संभाव्यता’ शब्दाला श्रोते बिचकत असतील तर नाणे बाजूला ठेवून रंगवण्याच सरळ मोजाव्यात. सिद्धता तीच राहते.

मालेच्या मध्यावर गणिती हाओ हुआंग यांचे २०१९चे प्रमेय घ्यावे. घनाचे आठ कोपरे. त्यांतले चार असे निवडता येतात की कोणतेही दोन शेजारी, म्हणजे एकाच कडेने जोडलेले, नसतात. पाच निवडले की त्यांतल्या एकाला तरी निवडलेले दोन शेजारी मिळतातच. कितीही मितींच्या घनासाठी अर्ध्याहून एक कोपरा जास्त घेतला, तर एखाद्याला किमान मितींच्या वर्गमुळाइतके शेजारी असतात. वक्ते इथे हमखास दोनदा घसरतात. आधी अर्धा तास संगणकशास्त्राच्या पार्श्वभूमीत जातो, मग आयगेनव्हॅल्यूंचे (मॅट्रिक्स काही सदिशांना नुसते ज्या पटीने गुणते त्या आकड्यांचे) ‘इंटरलेसिंग’, म्हणजे मोठ्या मॅट्रिक्सचे आणि तिच्यातल्या लहान मॅट्रिक्सचे असे आकडे एकमेकांत कसे गुंफलेले असतात ते, सर्वांना ठाऊक आहे असे धरून चालतात. त्याची गरजच नाही. कोणते कोपरे शेजारी आहेत ते १ आणि ०ने दाखवणाऱ्या मॅट्रिक्समधल्या काही १ना उणे चिन्ह असे द्यायचे की तिचा वर्ग एकक मॅट्रिक्सच्या ३ पट येईल. मग ३च्या वर्गमुळाचे आयगेनअवकाश (मॅट्रिक्स ज्या सदिशांना नुसते ३च्या वर्गमुळाने गुणते ते सारे) ४ मितींचे होते. निवडलेल्या पाच कोपऱ्यांबाहेर शून्य असलेले सदिश ५ मिती व्यापतात. ४ + ५ = ९, पण एकूण मिती ८; म्हणजे शून्येतर सामाईक सदिश आहेच. त्याचा (चिन्ह न पाहता) सर्वांत मोठा घटक ज्या कोपऱ्यावर, त्याला किमान १.७३ शेजारी, म्हणजे दोन. झाले!

सिद्धता स्लाइडवर दाखवू नये. डोळे पुढे धावतात आणि डोके मागे राहते. हाताने लिहिलेली चार-पाच पाने फळ्यावरच्या तासाला पुरतात. प्रमेयाचे विधान डाव्या कोपऱ्यात शेवटपर्यंत पुसू नये. व्याख्यानाआधी चार दिवस रंगीत तालीम घ्यावी आणि तिला या शाखेबाहेरचा एक जण बसवावा. तो जिथे अडतो तिथेच सभागृह अडते. प्रश्नांची पहिली दहा मिनिटे फक्त विद्यार्थ्यांची, हा नियम आधीच जाहीर करावा. पहिला प्रश्न प्राध्यापकांचा आला की दुसरा सहसा येत नाही.

१४ आठवड्यांच्या सत्रात दहाच व्याख्याने ठरवावीत. वक्ता आयत्या वेळी गळतोच. दोन संयोजक वेगवेगळ्या वर्षांचे असावेत, नाहीतर वरचा वर्ग बाहेर पडला की मालाही संपते. टिपणे वक्त्याने नव्हे, एखाद्या श्रोत्याने लिहावीत. सिद्धतेतली भोके त्यालाच दिसतात.

विभागांकडून यासाठी पैसा फारसा लागत नाही. दर आठवड्याला त्याच वेळी तीच खोली मिळावी आणि तिथे मोठा फळा असावा. हजेरीची सक्ती आणि प्रमाणपत्रे मात्र या मालांना जोडू नयेत. सह्या करायला आलेला श्रोता प्रश्न विचारत नाही.

— गणिताचे काही अभ्यासक