ताई, खुर्ची मागे घेतलीत त्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

मूल जमिनीवर लोळण घेऊन किंचाळत असतं, आई रडवेली झालेली असते, बाबा दाराकडे बघत असतात. अशा वेळी, मुलाचा हट्ट कसा हाताळायचा हे आईबाबांना शिकवणाऱ्या तुम्ही, आपली खुर्ची वीतभर मागे घेता. मुलाला हात लावत नाही, खेळणं पुढे करत नाही. आईला हळू आवाजात एवढंच सांगता, "बरोबर करताय. अजून थोडं थांबा." त्या वीतभर अंतरासाठी हे पत्र.

तुमच्याआधी जे सल्लागार भेटले ते मुलाला दोन मिनिटांत शांत करायचे आणि "बघा, माझं कसं ऐकलं" म्हणत परत द्यायचे. हातोटी होती त्यांच्याकडे, पण आईबाप घरी जायचे ते 'आपलंच ऐकत नाही' एवढं पक्कं करून. काहींनी तर 'जरा कडक व्हा' यावरच भागवलं. कडक म्हणजे कोणत्या शब्दांत आणि किती वेळ, हे विचारायचीही मग चोरी. घरी आरडाओरडा व्हायचा, शेवटी मोबाइल हातात दिला जायचा आणि घर शांत व्हायचं. किंचाळलं की मिळतं हे मूल शिकतं, दिलं की सुटका होते हे आईबाप शिकतात. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हा सापळा कधीच उलगडून दाखवला आहे, तरी बोल लागतो तो आईच्या लाडांना.

तुम्ही बोल लावला नाहीत. उलट आधीच सांगून ठेवलंत, की हट्टाकडे लक्ष देणं थांबवलं की सुरुवातीला तो वाढणार, आवाज चढणार. जुनी युक्ती चालेना म्हणून मूल जास्त जोर लावतं. नेमकं तेव्हाच, विसाव्या मिनिटाला, मागितलेलं दिलं तर पुढच्या वेळी वीस मिनिटं ओरडायची तयारी होते. हे आधी माहीत असलेली आई डगमगत नाही. (मारणं, चावणं, स्वतःला इजा करणं यांकडे मात्र दुर्लक्ष करायचं नसतं, हेही तुम्ही बजावलंत.)

सूचनेचं तसंच. "आवरशील का?" असं विचारलं की "नाही" म्हणायची सोय आपणच करून देतो. "ठोकळे डब्यात ठेव" असं एकच काम सांगायचं आणि मनात पाच आकडे मोजत गप्प राहायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं: दुसऱ्या आकड्याला पुन्हा सांगितलं जातं, आवाज वर जातो, मुलाला हलायला वेळच मिळत नाही. ऐकलं तर नुसतं "शहाणा" पुरत नाही. "सांगितल्याबरोबर ठोकळे ठेवलेस, छान" असं नेमकं म्हणावं लागतं. आणि रोज पाच मिनिटं मुलाच्या मर्जीचा खेळ, त्यात प्रश्न, हुकूम, टीका काही नाही. दिवस वाईट गेला म्हणून ही पाच मिनिटं काढून घ्यायची नाहीत.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाची मांडणी केली, तेव्हा दुसऱ्यानं दिलेल्या धीरापेक्षा स्वतः करून जमल्याच्या अनुभवाला अधिक वजन दिलं. तो अनुभव यायला कुणीतरी बाजूला सरकावं लागतं. येत असलेलं काम दुसऱ्याला जमेपर्यंत न करता बसून राहायला किती सभ्यपणा लागतो!

किंचाळणं ओसरतं, मूल आपण होऊन उठतं आणि खोलीभर नजर फिरवतं. तेव्हा तुम्ही वहीत मान घालून बसलेल्या असता. मग ते आईकडेच जातं.

तुमचे ऋणी,
काही आईबाबा