मेंदू द्यायचा आहे, फोन कुठे करायचा?

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

आई गेली त्या रात्री मी एका रुग्णालयात फोन केला. नेत्रदानाची माहिती लगेच मिळाली. मेंदूही द्यायचाय म्हटल्यावर उत्तर आलं, "सकाळी चौकशी करा." मेंदूच्या बाबतीत तासांचा हिशेब असतो. सकाळी उपयोग नव्हता.

तिला अल्झायमर होता. तिचा मेंदू कशाला हवा होता, ते सांगते. जनुकं जन्मभर जवळपास तीच राहतात. त्यातलं कुठलं वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा मात्र बदलतात. डीएनएवर मिथाइल गट चिकटतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, तिथली वीण कधी घट्ट होते, कधी सैल. २०१२ साली एका संशोधनात दिसलं, की अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत एचडॅक२ हे ही वीण घट्ट करणारं विकर वाढलेलं असतं आणि ते स्मृतीला लागणारी जनुकं दाबून ठेवतं. उंदरांत ते कमी केल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. २०१४ मध्ये दोन वेगवेगळ्या अभ्यासांत एएनके१ या जनुकावरच्या मिथाइल खुणा बदललेल्या आढळल्या. हे अभ्यासही दान केलेल्या मेंदूंवरच झाले.

खूण पुसता येते, म्हणून आशा. एचडॅक गटातली विकरं रोखणारं व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ पासून त्वचेच्या एका लिम्फोमावर, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगावर, वापरात आहे. पण त्याला नेम नाही, ते शरीरभर जनुकांत ढवळाढवळ करतं. कर्करोगात हे सोसतात. वृद्ध माणसाला वर्षानुवर्षं कसं देणार? तेव्हा 'स्मृती परत आणणारी गोळी' घेऊन कुणी आपल्या दालनात आलं, तर आधी माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल मागा.

त्याआधीचा प्रश्नच अजून सुटलेला नाही: या खुणांमुळे रोग होतो, की रोगामुळे खुणा उमटतात? चेतापेशी मरतात तसं मेंदूतलं पेशींचं प्रमाणही बदलतं, मग खूण बदलली की पेशीच बदलल्या, हेही कळेनासं होतं. रक्त तपासून भागत नाही, कारण प्रत्येक ऊतीतल्या खुणा वेगळ्या. तुलनेला निरोगी वृद्धांचे आणि नुकता विसर पडू लागलेल्यांचेही मेंदू लागतात. ते फारसे मिळत नाहीत.

म्हणून दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपणाऱ्या मेंदूपेढ्यांना पैसा द्या. हयातीतच संमती घ्या, दात्याच्या स्मृतिचाचण्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवा (तिच्याविना नुसत्या मेंदूवरून फारसं कळत नाही), आणि रात्री फोन उचलणारा माणूस नेमा. निकाल आपल्या कारकिर्दीत दिसणार नाही, हे मान्य.

माझं संमतीपत्र लिहून तयार आहे. ते कुठे पाठवायचं, तेवढं कळवावं.

आपली,
एका रुग्णाची मुलगी