घर क्रमांक 54 मधलं मडकं

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा सूर पडलेला वाटला. बाकीच्यांना मणी सापडतात, खापरं सापडतात, आणि तुला मात्र उत्खननाच्या ट्रेंचच्या भिंतीसमोर मातीचे थर कागदावर काढायला ग्राफपेपर देऊन बसवलंय. रुसू नकोस. मला विचारशील तर साइटवरचं सगळ्यात मोलाचं काम तुझ्याच वाट्याला आलंय.

लेपेन्स्की वीर तुला अभ्यासाला असेलच. सर्बियात डॅन्यूब आयर्न गेट्सच्या घळीतून जाते, तिथं काठच्या चिंचोळ्या टप्प्यावरचं गाव. द्रागोस्लाव स्रेयोविच यांनी 1965 ते 1970 मध्ये ते खणलं. समलंब आकाराची घरं, तांबूस चुनखडी गिलाव्याची जमीन, मध्ये दगडी चूल, आणि माशासारखा चेहरा असलेली दगडी शिल्पं. स्रेयोविच यांचं म्हणणं, ही घरं मासेमारांची, शेतीच्या आधीची. मडकी तिथं शेतकऱ्यांबरोबर आली, तेव्हा घरांत मिळालेले मडक्यांचे तुकडे वरच्या थरातून खाली घसरले असणार.

म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, कारण ती जागा उताराची. घर बसवायचं तर मागची बाजू उतारात खोदून घ्यायची. त्यात जुनं घर कापलं जायचं. खणलेली माती पुढं लोटली की जुनं वर आणि नवं खाली! शिवाय डोंगरावरून दगडमाती ओघळत राहणार ती वेगळीच. अशा ठिकाणी दोन वस्तू एकाच खोलीवर सापडल्या म्हणून त्या एका काळातल्या ठरत नाहीत. थर कुठं कापला गेलाय, ती रेघ बघावी लागते.

मग 2001 मध्ये गराशानिन आणि रादोवानोविच या पुरातत्त्वज्ञांनी उत्खननातलाच एक फोटो पुढं आणला: घर क्रमांक 54 च्या जमिनीवर मडकं, जागच्या जागी. हाडांसारख्या अवशेषांतल्या कार्बनवरून पुढं काढलेल्या तारखांनीही ही घरं बरीचशी इ.स.पू. 6200 ते 5900 च्या आसपास आणून ठेवली, म्हणजे आजूबाजूला शेतकरी आलेले असतानाची. त्यातही गोम होतीच. नदीच्या पाण्यात जुना कार्बन असतो, तो माशांत उतरतो, त्यामुळे मासेखाऊ माणसांची हाडं काही शतकं जास्त जुनी दिसतात. आपल्या कोकणी आजोबांची हाडं कुणी तपासली तर काय गोंधळ होईल, देव जाणे.

तिथं आता पुन्हा खणून बघता येत नाही. धरणाचं पाणी चढणार म्हणून घरांचे अवशेष सुमारे 30 मीटर वर हलवले. मूळ जागा पाण्याखाली गेली. आपल्या उजनीत पळसदेवचं देऊळ निदान पाणी ओसरलं की दिसतं तरी. घरांच्या जमिनी उचलता आल्या, थर कोण उचलणार? उरल्या त्या वह्या, नकाशे, फोटो.

तेव्हा सावली असताना भिंतीवर हलकं पाणी मारून रेघा बघ. जिथं कळत नाही तिथं तुटक रेघ काढ, अंदाजानं पक्की ओढू नकोस. दिवाळीला येताना त्या कागदाची झेरॉक्स आण, मला बघायचीय.

तुझी,
आई