परग्रहावरील जीवसृष्टीच्या बातमीविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दूरच्या एका ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याची बातमी खरी मानावी का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर 'नाही, अजून नाही' एवढेच म्हणाले. पण त्या 'अजून नाही'मागचे काम मला बातमीपेक्षाही मोलाचे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तो ग्रह म्हणजे सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूरचा के२-१८बी. तो प्रत्यक्ष कोणाला दिसलेला नाही. आपल्या ताऱ्यासमोरून जाताना तो ताऱ्याचा प्रकाश किंचित अडवतो, त्यावरून तो ओळखला गेला. हे 'किंचित' किती सूक्ष्म असू शकते पाहा: दुरून कोणी आपली पृथ्वी सूर्यबिंबावरून सरकताना पाहिली, तर सूर्याचे तेज दहा हजारांत एका भागापेक्षाही कमी घटलेले आढळेल. ग्रहाच्या कडेच्या वातावरणातून जो प्रकाश पार होऊन येतो, त्यातून प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये तेथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या खुणा अशाच टिपल्या.

२०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तेथे डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचे संयुग असावे, असे मांडले. पृथ्वीवर हे संयुग मुख्यतः समुद्रातील सूक्ष्मजीवांमुळे तयार होते, म्हणून गाजावाजा झाला. मात्र त्या नोंदीची खात्री शोध जाहीर करण्यासाठी लागते तेवढी नव्हती, तीच निरीक्षणे इतरांनी तपासली तेव्हा तो संकेत डळमळीत वाटला, आणि हेच संयुग त्याआधी एका धूमकेतूवर, म्हणजे जीव नसलेल्या ठिकाणीही, आढळले होते.

आई, 'मग प्राणवायू सापडला तर?' असे तू नक्की विचारशील. तोही एकटा पुरेसा नाही, कारण ताऱ्याच्या अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटून हायड्रोजन अवकाशात निसटला, तर जीवाशिवायही प्राणवायू मागे उरू शकतो. याची उलट बाजू मला अधिक विचार करायला लावते. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू लक्षणीय प्रमाणात साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि जीव तर त्याच्या कितीतरी आधीपासून होते. त्या काळात कोणी केवळ प्राणवायूच्या कसोटीवर आपल्याला पारखले असते, तर आपली जिवंत पृथ्वी निर्जीव ठरली असती. म्हणून आता एकाच वायूवर विसंबण्याऐवजी ज्यांचे एकत्र टिकणे रसायनशास्त्राला सहजी पटत नाही, असे प्राणवायू आणि मिथेन यांच्यासारखे वायू एकाच वेळी शोधले जातात.

माझा स्वतःचा ओढा मात्र घराजवळच्या एन्सेलाडसकडे आहे. शनीचा हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा आहे. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळताना दिसले. पुढे यान त्या फवाऱ्यांतूनच गेले, आणि त्यांत क्षार, सेंद्रिय पदार्थ व हायड्रोजन आढळले. कॅसिनीच्याच नोंदींतून २०२३ मध्ये फॉस्फेटही हाती लागले. बर्फाखालच्या समुद्रातील पाणी तेथे जणू आपण होऊन बाहेर येते, खणावेही लागत नाही! इंधन संपत आल्यावर, यानासोबत गेलेले पृथ्वीवरील जंतू त्या चंद्रावर पोहोचू नयेत, म्हणून २०१७ मध्ये कॅसिनीला मुद्दाम शनीच्या वातावरणात नष्ट होऊ दिले. तेथे कोणी आहे की नाही हे ठाऊक नसताना घेतलेली ही काळजी मला फार भावते.

गुरूच्या युरोपा या चंद्राकडे २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर हे यान २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचेल. तेही जीव शोधणार नाही, बर्फाखाली जीवाला पोषक स्थिती आहे का, एवढेच तपासेल. तेव्हा 'युरोपावर जीव सापडला' असा मथळा दिसला, तर आधी मला फोन करा.

तुमची लेक