इंटरफेस घेण्याआधी

गिरगाव, मुंबई

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

डॅक (डिजिटल आवाजाचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र) मोजायला कुठला ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा-आणणारा डबा) घेऊ, हा तुझा मेसेज आईने मोठ्याने वाचून दाखवला. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतेस. म्हणून लिहितोय.

तू पाठवलेल्या तिन्ही खोक्यांवर "२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ" ठळक छापलंय. त्याला भुलू नकोस. सिग्नल आणि नॉइज (खरखर) यांतलं अंतर २४ बिटांच्या गणिताने १४६ डेसिबलपर्यंत जातं खरं, पण आतले रेझिस्टर आणि ऑपअँप (सिग्नल वाढवणाऱ्या चिपा) स्वतःच कुजबुजत असतात. प्रत्यक्षात १२०च्या आसपास पोचलं तरी मी खूश. मोजणारा डबा डॅकपेक्षा निदान दहा डेसिबल सरस हवा. दोघांचा नॉइज सारखाच असला तर आकडा ३ डेसिबलने वाईट दिसतो. डिस्टॉर्शनचा (सिग्नल बिघडण्याचा) कारभार आणखी वाकडा: दोघांच्या डिस्टॉर्शनची फेज (लाटांची चढउतार) जुळली तर बेरीज, उलटली तर वजाबाकी. म्हणजे भिकार डॅकसुद्धा एखाद्या दिवशी झकास दिसेल.

आता इनपुट बघ. स्वस्त डब्यांत लाइन इनपुट बरेचदा माइकच्याच प्रीअँपमधून (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) फिरून येतं. गाणारीला ते चालतं, तुला नाही. डॅकच्या आरसीए जोडातून (एक सिग्नलची तार आणि शील्ड) साधारण २ व्होल्ट येतात, बॅलन्स्डमधून (सिग्नलच्या दोन तारा आणि शील्ड) ४. ते ४ व्होल्ट म्हणजे १४ डीबीयूच्या (लेव्हल मोजायचं एकक) थोडं वर. पुस्तिकेत लाइनचं मॅक्सिमम त्याहून कमी दिलं असेल, तर तो डबा बाद. आणि मोजताना ४८ व्होल्टचं फँटमचं (माइकला वीज देणारं) बटण बंद आहे ना, दोनदा बघ.

पण मी सगळ्यात आधी मागे वळवून बघेन ते डिजिटल आउट. यूएसबीवरच्या डॅकचं घड्याळ वेगळं, इंटरफेसचं वेगळं. डॅकने पाठवलेले १००० हर्ट्झ इंटरफेसच्या हिशोबाने तंतोतंत १००० नसतात, मग एफएफटीत (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल, ते दाखवणारा आलेख) टोनचा खिळा पायथ्याशी फुगतो. इंटरफेसच्याच कोएक्सियल डिजिटल आउटमधून डॅकला सिग्नल दिलास तर तो त्याच घड्याळावर चालतो. यूएसबीचे गुणदोष मात्र त्यात कळत नाहीत, ते मोजायचे तर ब्लॅकमन-हॅरिस विंडो (तो फुगवटा आवरणारं एफएफटीचं सेटिंग) लावून वेगळं मोज.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या पोराकडून त्याचा डबा मागून आणला. त्याच्याच आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटला, म्हणजे लूपबॅक. रूम ईक्यू विझार्ड हे मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच लावलं. मध्ये हजारचा खिळा आणि डावीकडे ५०, १५०, २५० वर विजेच्या हमचे (गुणगुणीचे) कुंपणाचे खांब रोवल्यासारखे! लॅपटॉपचा चार्जर काढला, खांब तळाच्या नॉइजच्या गवतात बुडाले. तेवढ्यात आईने मिक्सर लावला आणि गवतच वर आलं. "चटणी तरी करू देशील का?" म्हणाली.

त्या गवतावरून आठवलं. ६५५३६ पॉइंटची एफएफटी घेतलीस की नॉइज हजारो कप्प्यांत वाटला जातो आणि गवत खऱ्या नॉइजच्या सुमारे ४५ डेसिबल खाली दिसतं. ते बघून "माझा डबा १५० डेसिबलचा" असं कुणाला सांगू नकोस.

हसू नकोस, मीही फसलोय. एका गणेश मंडळाचा अँप दोन दिवस उघडून बसलो होतो, हम जाईना. फिल्टरचे दोन्ही कपॅसिटर बदलले, तरी तसाच. शेवटी कळलं, हम माझ्याच ऑसिलोस्कोपच्या प्रोबच्या ग्राउंडवरून फिरत होता. जुने कपॅसिटर ठणठणीत होते. ते परत बसवले आणि मंडळाकडून एक पैसा घेतला नाही. म्हणून डबा हातात आला की पहिल्या दिवशी डॅक लावूच नकोस. नुसता लूपबॅक घे, लेव्हल बदलून बदलून. बहुतेक डबे पूर्ण स्केलच्या थोडे खालीच नीट वागतात, तुझा कुठे वागतो ते वहीत लिही. आणि हम आला म्हणून प्लगची अर्थची पिन काढायचा शहाणपणा नको.

वायरी विकत घेऊ नकोस. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून दोन कोअरची शील्डेड वायर आणि जॅक आणतो. कोल्ड (सिग्नलची दुसरी तार) आणि शील्ड आरसीएच्या टोकालाच जोडून सोल्डर करीन. तुझं टेबल आणि डॅक यांत अंतर किती, तेवढं मोजून कळव. अंदाजे नको, टेपने.

तुझा,
बाबा