फोन ओटीपीपुरताच

महोदय,

2025च्या हंगामापासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो. जिनिंग कारखान्यासमोर गाड्या लावून रात्रभर थंडीत कुडकुडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण कोणाच्या पोरीचे जमले, कोणाच्या वावरात बोंडअळी शिरली, कोण सावकाराच्या दारी गेला, हे त्या रांगेतच कळायचे. विदर्भात ही माहिती साधी नव्हे. माणूस खचत चाललाय हे सोबत्याच्याच आधी ध्यानात येते.

आमच्या शेजारच्या काकूंच्या खात्याला पुण्यातल्या लेकाचा नंबर जोडलेला आहे. ओटीपीसाठी त्या फोन लावतात. सहा आकडे सांगून होतात आणि ‘जेवला का रे?’ म्हणेपर्यंत फोन कट. लेकालाही दोष देववत नाही, तो ड्यूटीवर असतो.

ग्रामपंचायतींनी निदान बाजाराच्या दिवशी एखादा जाणता पोरगा पारावर बसवावा. त्याने मोबाइलवरची कामे करून द्यावीत, आणि म्हाताऱ्यांना घाई न करता बोलू द्यावे.

– एक शेतकरी, घाटंजी, जि. यवतमाळ