त्या चाळीस मिनिटांच्या फोनबद्दल

प्रिय पिल्लू,

परवा तू सांगत होतीस तेव्हा मी नुसतं हं हं करत ऐकून घेतलं, तुला वाटलं असेल आईने फार मनावर घेतलं नाही. पण फोन ठेवला आणि माझे हातपाय गार पडले. तिकडे परदेशात चाळीस मिनिटं तू त्या फसवणाऱ्या माणसाशी बोलत होतीस, तो म्हणे इमिग्रेशन ऑफिसर, त्याला तुझं पूर्ण नाव माहीत, जन्मतारीख माहीत, पासपोर्टचे शेवटचे आकडे माहीत, आणि फोन बंद झाला तो का तर तुझी बॅटरी संपली म्हणून. बॅटरी असती तर? रात्रभर मला हेच दिसत होतं. म्हणून लिहायला बसले, कारण फोनवर मी काही बोलायला लागले की तू "हो गं आई, माहितीये" म्हणतेस आणि माझं अर्धं पोटातच राहतं.

आधी हे सांगते की तू मूर्ख नाहीयेस. "मी इतकी शिकलेली आणि तरी" असं तू तीनदा म्हणालीस, ते डोक्यातून काढून टाक. ही माणसं रोज हेच काम करतात, तू आयुष्यात पहिल्यांदा तो फोन घेतलास. आणि स्क्रीनवर नंबर खरोखरच्या ऑफिसचा दिसत होता म्हणालीस ना, तर तो नंबर खोटा दाखवता येतो गं, त्याला स्पूफिंग म्हणतात, समोर जे दिसतं त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. व्हिडिओ कॉल करून युनिफॉर्म दाखवतात, ओळखपत्र दाखवतात, मागे ऑफिससारखं काहीतरी असतं. खरं-खोटं ओळखत बसूच नकोस, फोन ठेव. नंतर त्या ऑफिसच्या वेबसाइटवरून नंबर स्वतः शोधून स्वतः लाव, त्याने दिलेला नंबर नाही. खरा ऑफिसर असेल तर त्याला याचा राग येणार नाही, आणि राग आला तर तो कोण आहे ते तुला कळलंच.

आणि एक खूण लक्षात ठेव, जो कोणी "घरी सांगू नका, मित्रांना सांगू नका, फोन चालूच ठेवा" म्हणतो तो चोर. कुठल्याही देशाचं सरकार फोन करून गिफ्ट कार्डात किंवा क्रिप्टोत दंड मागत नाही आणि आईला सांगू नको असं बजावत नाही.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत, युटा राज्यात, एक सतरा वर्षांचा चिनी एक्स्चेंज विद्यार्थी गायब झाला. तिकडे चीनमध्ये आईवडिलांना फोटो गेला की मुलाला पळवलंय, त्या बिचाऱ्यांनी ऐंशी हजार डॉलर भरले. मुलगा सापडला ३१ तारखेला, डोंगरात, कडाक्याच्या थंडीत, एका तंबूत एकटा. त्याला कोणी उचलून नेलं नव्हतं गं! फोनवरून धमकावून त्यालाच तिथे जायला लावलं होतं, आमचं ऐकलं नाहीस तर घरच्यांना धोका आहे म्हणून. म्हणजे तो घरच्यांसाठी थंडीत बसलेला आणि घरचे त्याच्यासाठी पैसे गोळा करत असलेले, आणि दोघांना एकमेकांशी एकदा बोलू दिलं असतं तर तिथल्या तिथे सगळं संपलं असतं. हे वाचल्यापासून मला त्या आईचाच विचार येतो. याला व्हर्च्युअल किडनॅपिंग म्हणतात, आणि यात परदेशात शिकणारी मुलंच जास्त सापडतात कारण आईबाप लांब, वेळ उलटी, आणि दोन्हीकडे काळजी तयारच असते.

परक्या देशात आपल्याला सगळ्यात जास्त काय नडतं माहितीये का? "इथे असंच असतं का?" हे आपल्याला माहीत नसतं. घरमालक म्हणाला पासपोर्ट माझ्याकडे ठेवा, तर वाटतं असेल बाबा इथली पद्धत. मॅनेजर म्हणाला सहा महिने डॉक्युमेंट्स ऑफिसात जमा, तर वाटतं असेल नियम. तिथे वाढलेल्या माणसाला जे ऐकून लगेच खटकेल ते आपल्याला खटकत नाही, आणि फसवणारा बरोबर त्या जागी बोट ठेवतो. म्हणून असं काही कोणी मागितलं की तिथेच हो म्हणायचं नाही, "उद्या सांगते" म्हणायचं आणि त्या रात्री तिथे जन्मलेल्या एखाद्या माणसाला विचारायचं, ऑफिसमधल्या, शेजारच्या, कोणालाही. पासपोर्ट बघायला द्यायचा, कॉपी द्यायची, ठेवायला द्यायचा नाही. घर न बघता डिपॉझिट पाठवायचं नाही, फोटो कितीही सुंदर असू देत आणि मालक "मी सध्या बाहेरगावी आहे, चावी कुरिअरने पाठवतो" म्हणाला की तिथेच थांबायचं.

बँक खात्याचं मात्र जरा नीट ऐक, कारण यात माणूस लुटला जात नाही, आरोपी होतो. कोणीतरी म्हणतं तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, तू पुढे पाठव, तुला कमिशन. किंवा देश सोडताना कोणी म्हणतं खातं आता बंदच करणार आहेस तर कार्ड मला विकून टाक. जपानमध्ये तर खातं असं दुसऱ्याला विकणं हाच गुन्हा आहे आणि तिथले पोलीस परदेशी लोकांना यावरून वारंवार बजावतात. पैसा चोरीचा असतो आणि नाव तुझं लागतं, मग व्हिसा जातो, रेकॉर्ड खराब होतं, आणि "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकत नाही. वर्षात दोन देश झाले तुझे, तिसऱ्याला निघताना हे नक्की कोणीतरी विचारेल बघ, जाताना प्रत्येक खातं स्वतः बंद कर.

अजून एक, हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण लिहिते. आपली भाषा बोलणारं कोणी भेटलं की आपण सैल पडतो. तीन महिने सगळं परकं ऐकल्यावर कोणी आपल्या भाषेत "काय गं, नवीन का?" म्हटलं की डोळ्यात पाणी येतं, आम्ही परदेशात होतो तेव्हा मलाही यायचं. आणि फसवणारे बरेचदा त्यातूनच येतात, नोकरी लावून देतो, व्हिसाचं काम करून देतो, आपली माणसं म्हणून कमी पैशात. सगळे तसे नसतात, मला तिथे जीव लावणारी माणसंही मिळाली. पण आधी ओळख होऊ दे, मग व्यवहार. भिडेखातर पैसे देऊ नकोस, भीड ही भिकेची बहीण असं आजी म्हणायची ते यासाठीच.

आता माझं सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही. बाबांचं ते परदेशातलं पोस्टिंग होतं, तू झाली नव्हतीस. पहिलाच महिना. मी स्टेशनबाहेर उभी होते आणि एका बाईने हसून माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं, कोटावर पांढरं चिकट काहीतरी पडलं होतं, पक्ष्याचं वाटलं. तिने टिश्यू काढला, स्वतःच पुसायला लागली, मी लाजून थँक यू थँक यू करत होते, पर्स खाली दोन पायांच्या मध्ये ठेवली होती, फक्त कोटाची बाही काढायला म्हणून. दहा सेकंद झाली असतील नसतील. बाई गेली आणि पर्सही गेली, तिचा साथीदार मागे होता हे मला खूप नंतर उमगलं. त्यात दोघांचे पासपोर्ट.

पण पिल्लू, चोरीपेक्षा मी नंतर जे केलं ते मला आजही टोचतं. मी दोन दिवस पोलिसांकडे गेलेच नाही. लाज वाटत होती, भाषा येत नव्हती, आणि वाटायचं की पोलिसांच्या वहीत नाव आलं तर बाबांच्या परमिटला काही होईल. तिसऱ्या दिवशी गेले तर फॉर्मवर दोन चौकोन होते, एक हरवलं आणि एक चोरीला गेलं. मी हरवलं वर खूण केली, कारण चोरीला गेलं म्हटलं की प्रश्न विचारतील आणि मला उत्तरं देता येणार नाहीत. त्या एका खुणेमुळे इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम नाकारला, म्हणाले हरवलेलं आम्ही भरत नाही, शिवाय उशीर केलात. बऱ्याच पॉलिसीत चोवीस तासांत पोलीस रिपोर्ट लागतो, तुझी काढून बघ काय लिहिलंय. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत, पण ते महिनाअखेरीला हिशोब लिहायचे तेव्हा मी त्या खोलीत थांबायची नाही.

तर तुझ्यावर काही आलं, देव न करो, तर चोरीला चोरी म्हण. त्या देशाच्या भाषेत "चोरी झाली", "मदत करा", "मला दुभाषी हवा" ही तीन वाक्यं पाठ कर, तिथे पोचायच्या आधी. कागदपत्रं नीट असलेल्या माणसाने गुन्ह्याची तक्रार केली म्हणून त्याचा व्हिसा काढून घेत नाहीत गं, ही भीती आपल्याला धमकावणाऱ्यांनीच घातलेली असते. रिपोर्टचा नंबर घे, कॉपी घे, त्याशिवाय दूतावास पण पुढचं काम करत नाही बऱ्याचदा. आणि पासपोर्ट गेल्याचं एकदा कळवलं की नंतर तो सोफ्याखाली सापडला तरी वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो, इंटरपोलची चोरलेल्या-हरवलेल्या कागदपत्रांची यादी आहे २००२ पासूनची, त्यात नंबर असेल तर एअरपोर्टवर अडवतील.

आणि कधी उलटं झालं, म्हणजे तुलाच पोलिसांनी धरलं, तर १९६३ चा व्हिएन्ना करार आहे वकिलातींबद्दलचा, त्यातल्या ३६ व्या कलमाने तुला अधिकार आहे की माझ्या वकिलातीला कळवा असं सांगायचं. तुला ते सांगावं लागेल, तोंडाने मागावं लागेल. वकिलातीची माणसं तुला सोडवून आणू शकत नाहीत, कोर्टात भांडू शकत नाहीत, पण भेटायला येतील, वकिलांची यादी देतील, आम्हाला कळवतील. जे कळत नाही अशा भाषेतल्या कागदावर तोपर्यंत सही करू नकोस.

नंबर पाठ कर प्लीज, तू म्हणतेस फोनमध्ये आहेत पण फोनच गेला तर? युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२. जर्मनीत पोलिसांना ११० पण आहे. जपानमध्ये पोलीस ११० आणि ॲम्ब्युलन्स, आग यांना ११९. अमेरिका कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्य, ब्रिटनमध्ये ९९९, आणि ब्रिटनमध्ये मोबाइलवरून बोलणं शक्य नसेल तर ९९९ लावून विचारल्यावर ५५ दाबायचं, मग त्यांना कळतं की ही हाक खरी आहे. हे मला फार आवडलं, कोणीतरी त्या न बोलू शकणाऱ्या बाईचा विचार केला. माझा नंबर आणि बाबांचा नंबर कागदावर लिहून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेव.

फोनचं म्हणशील तर बाहेर बसून चारचौघांत पासकोड टाकू नकोस, आधी कोड बघतात, मग फोन पळवतात, मग बँकेपासून सगळं उघडतं. ॲपलने २०२४ च्या जानेवारीत आयफोनवर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन दिलंय त्यासाठी, सेटिंगमध्ये चालू आहे का ते आजच बघ. रस्त्याच्या कडेला उभी राहून मॅप बघू नकोस, लंडनमध्ये तर सायकलवरून येऊन हातातला फोन ओढून नेतात, भिंतीला पाठ लावून उभी राहा. बाहेर ग्लास सोडून उठलीस तर परत त्यातलं पिऊ नकोस. अंधार, मोकळे रस्ते हे तुला मी सांगायला नको, त्याबाबतीत तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस.

मला काळजी आहे ती तुझ्या एकटीने सहन करायच्या सवयीची. लहानपणी गुडघा फुटला तरी रडायची नाहीस, दार लावून स्वतःच धुवायचीस. तो फोन आला तेव्हाही तू मला दोन दिवसांनी सांगितलंस, मी काळजी करेन म्हणून. मी काळजी करेनच गं, ते काय थांबणारे, पण मला कळलेलं असलं की मी काहीतरी करू शकते. रात्री तीनला कर फोन. पैसे गेले असतील तरी कर, तुझीच चूक असेल तरी कर, मी तेव्हा ओरडणार नाही, नंतरही नाही, बाबांनीही मला शब्द दिलाय.

शेवटचं राहिलं ते शब्दाचं. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, तुझ्या आवाजात मला फोन येईल, रडत, "आई मला सोडव" म्हणून, आणि माझ्याच्याने ते ऐकवणार नाही हे मला माहितीये. तर आपल्या तिघांत एक शब्द ठरवायचाय, जो कुठे लिहिलेला नाही, सोशल मीडियावर नाही, चॅटमध्ये नाही, कोणाला अंदाजाने सुचणार नाही. तसा फोन आला की मी आधी तो शब्द विचारणार, आणि माझ्या नावाने कोणी तुला काही सांगितलं तर तू विचारायचंस. बाबांनी एक सुचवलाय, तुला ऐकून हसू येईल. इथे लिहीत नाही. सुट्टीत येशील तेव्हा एअरपोर्टवर मिठी मारीन ना, तेव्हा कानात सांगेन.

तुझी,
आई